विश्लेषण : मेणबत्त्यांनी घर सजवणे खरेच स्वस्तात होते का? हिशेब काय, धोका कुठे?

घाटावरच्या तलावांचे पाणी खाली आणून त्यावर वीज तयार करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, हे काम खोपोलीत १९१५ मध्ये सुरू झाले. टाटांचे ते जलविद्युत केंद्र आजही सुरू आहे. त्याच खोपोलीत मेणबत्ती मात्र अजून घराघरांत आहे. पावसाळ्यात वीज गेली की नाइलाज म्हणून आणि दिवाळी, नाताळ, वाढदिवस, बारसे असले की हौस म्हणून. ऑनलाइन मिळणाऱ्या सुगंधी मेणबत्त्यांच्या किमती पाहिल्या तर ही हौस महागडी वाटते. प्रत्यक्षात स्वयंपाकघरातली भांडी, एखादा आरसा आणि चार-पाच साध्या मेणबत्त्यांत घराचा नूर बदलता येतो. त्यासाठी किती खर्च येतो, काय वापरावे आणि कुठे थांबावे, याचा हा आढावा.

थोडक्यात

- उजेडासाठी मेणबत्ती अतिशय महाग आहे, पण सजावटीसाठी स्वस्त.
- मेणबत्त्यांची संख्या वाढवण्यापेक्षा आरसा, पाणी आणि काच वापरली तर परिणाम जास्त मिळतो.
- उरलेल्या तुकड्यांपासून घरी नवी मेणबत्ती करता येते, मात्र मेण थेट गॅसवर वितळवू नये.
- केकवरची ठिणग्या उडवणारी ‘मेणबत्ती’ ही मेणबत्ती नसून फटाका आहे.

उजेडासाठी महाग, सजावटीसाठी स्वस्त, हे कसे?

प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक ‘कँडेला’ आहे. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच मेणबत्ती. एक साधी मेणबत्ती साधारण एक कँडेला तीव्रतेने जळते, म्हणजे सगळ्या दिशांना मिळून सुमारे १२ ल्युमेन प्रकाश देते. ९ वॉटचा एलईडी बल्ब ८०० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देतो. एका बल्बची बरोबरी करायला ६५ मेणबत्त्या लागतील.

आता पैशांत पाहू. जाड घरगुती मेणबत्ती तासाला साधारण ५ ते ७ ग्रॅम मेण जाळते. मेणाचा भाव किलोला २०० रुपये धरला, तर तासाला सव्वा रुपयाच्या आसपास खर्च येतो. ६५ मेणबत्त्यांचा खर्च तासाला ८० रुपयांच्या जवळ जातो. तोच एलईडी बल्ब तासाला ०.००९ युनिट वीज घेतो. युनिटला १० रुपये धरले तरी खर्च ९ पैसे. म्हणूनच वीज गेल्यावर अभ्यासासाठी मेणबत्त्या लावण्यापेक्षा चार्ज होणारा एलईडी दिवा घेऊन ठेवणे केव्हाही परवडते.

सजावटीत मात्र खोली उजळायची नसते. तिथे अंधाराचाही उपयोग होतो. देवळाच्या गाभाऱ्यात एकच समई उठून दिसते, कारण भोवती दुसरा उजेड नसतो. खोपोलीजवळच्या महड येथील वरदविनायक मंदिरातला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचे सांगितले जाते. एवढी वर्षे लक्ष वेधून घ्यायला ज्योत एकच पुरली आहे. घरातही ट्यूबलाइट सुरू ठेवून २० मेणबत्त्या लावल्या तर त्या नजरेत भरत नाहीत. ट्यूबलाइट बंद केली की चार पुरतात.

एका संध्याकाळचा खर्च किती?

सजावटीसाठी सर्वात सोयीची म्हणजे अॅल्युमिनियमच्या छोट्या वाटीतली ‘टी-लाइट’. तिच्यात साधारण १४ ग्रॅम मेण असते आणि ती तीन ते चार तास चालते. वरच्याच भावाने हिशेब केला तर एकीत तीन रुपयांहून कमी किमतीचे मेण असते. दुकानात वाटी, वात आणि पॅकिंगचे पैसे वेगळे लागतात, तरीही पाकिटातून घेतलेल्या सहा टी-लाइटमध्ये पाहुणे येण्यापासून जेवणे उरकेपर्यंतची सजावट होते.

महाग पडतात त्या काचेच्या बरणीतल्या सुगंधी मेणबत्त्या. त्यात मेणापेक्षा बरणी, सुगंध आणि ब्रँडचे पैसे जास्त असतात. तशी बरणी घरात असेल तर ती टाकू नये. मेण संपल्यावर गरम पाण्याने साफ करून तिच्यात टी-लाइट ठेवली की तीच बरणी वर्षभर वापरता येते.

कमी ज्योतींत जास्त झगमगाट कसा आणायचा?

शाळेतल्या प्रकाशाच्या धड्याचा इथे उपयोग होतो.

*आरसा :* एका आरशासमोर ठेवलेली ज्योत दोन दिसते. दोन छोटे आरसे काटकोनात उभे करून मध्ये मेणबत्ती ठेवली की तीन प्रतिमा मिळतात आणि एकीच्या चार ज्योती दिसतात. कोन ६० अंशांचा केला तर पाच प्रतिमा मिळतात. कपाटातला जुना दाढीचा आरसाही चालतो. ज्योत काचेपासून वीतभर लांब ठेवावी, नाहीतर काच तापून तडकू शकते.

*स्टीलचे ताट :* घासून लखलखीत केलेले ताट किंवा परात मेणबत्तीखाली ठेवली की उजेड छताकडे परततो. शिवाय ओघळलेले मेण फरशीवर सांडत नाही.

*पाणी :* घंगाळ, परात किंवा पसरट काचेच्या भांड्यात पाणी, झेंडूच्या पाकळ्या आणि तीन-चार तरंगत्या मेणबत्त्या, ही दारातल्या रांगोळीशेजारची नेहमीची सजावट. मेण पाण्यापेक्षा हलके असल्याने ते तरंगते. टी-लाइटही वाटीसकट तरंगते, पण काठावरून पाणी आत आले की विझते. त्यामुळे भांडे हलणार नाही अशा जागी ठेवावे आणि पाकळ्या थोड्याच टाकाव्यात. सुकलेली पाकळी वातीला चिकटली तर पेट घेते.

*काचेचा पेला :* जाड काचेच्या पेल्यात तळाला बोटभर रेती किंवा कोरडे तांदूळ घालून त्यावर टी-लाइट ठेवली की ज्योत वाऱ्यापासून वाचते आणि पेल्याचा तळही तापत नाही. पेल्याभोवती जाळीदार लेस किंवा कागद गुंडाळण्याच्या कल्पना मोबाइलवर खूप दिसतात. कागद गुंडाळायचाच असेल तर आत एलईडी दिवा ठेवावा.

*उंची :* सगळ्या मेणबत्त्या एका ओळीत ठेवण्यापेक्षा पालथी वाटी, पालथा डबा, फरशीचा तुकडा असे आधार देऊन तीन वेगवेगळ्या उंचींवर ठेवल्या तर कोपरा भरलेला वाटतो. आधार लाकडी किंवा प्लॅस्टिकचा नसावा.

उरलेल्या तुकड्यांतून नवी मेणबत्ती कशी करायची?

वीज गेल्यावर लावलेल्या मेणबत्त्यांचे शेंडे, फुटलेल्या पणत्यांतले मेण, केकवरच्या मेणबत्त्यांचे तुकडे असा ऐवज बहुतेक घरांत खणात पडून असतो. तो वापरण्याची पद्धत अशी :

१. भांड्यात किती मेण लागेल ते आधी मोजावे. पाणी भरून ते मापाच्या पेल्यात ओतायचे. जितके मिलिलिटर पाणी, त्याच्या ०.९ पट ग्रॅम मेण लागते. १०० मिलिलिटरच्या वाटीला ९० ग्रॅम. मापानंतर भांडे अगदी कोरडे करावे.

२. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात छोटे भांडे ठेवावे आणि त्या भांड्यात मेण वितळवावे. पाणी १०० अंशांच्या वर तापत नसल्याने मेण सुरक्षित तापमानात राहते. नेहमीच्या मेणबत्त्यांतले पॅराफिन साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे एवढी उष्णता पुरते. थेट गॅसवर ठेवलेले मेण धूर सोडू लागते आणि २०० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते.

३. जळक्या वाती, काड्यापेटीच्या काड्या आणि कचरा गाळून घ्यावा. मेणात राहिलेली काडी दुसऱ्या वातीसारखी पेटते.

४. वात सुती हवी. ती वितळलेल्या मेणात बुडवून ताठ वाळवावी, खालचे टोक भांड्याच्या तळाला चिकटवावे आणि वरचे पेन्सिलीला बांधून मधोमध सरळ ठेवावे.

५. मेण ओतण्याआधी काचेचे भांडे कोमट करून घ्यावे. थंड काचेत गरम मेण गेले की तडा जाण्याची भीती असते.

६. मेण थंड होताना आकसते आणि मध्ये खड्डा पडतो. थोडे मेण राखून ठेवून तो नंतर भरावा.

मेणाचे भांडे वेगळे ठेवावे, स्वयंपाकाला वापरू नये. उरलेले मेण सिंकमध्ये ओतल्यास पाइपात गोठून तो तुंबतो. मातीची पणती, जाड काच किंवा स्टीलची वाटी हे साचे म्हणून ठीक. पणतीतून मेण पाझरते, तेव्हा तिच्याखाली ताटली हवी. कोकणात सहज मिळणारी करवंटी दिसायला छान असली तरी ती इंधनही आहे. तिच्यात थेट मेण न ओतता टी-लाइटची धातूची वाटी बसवावी. प्लॅस्टिकचे किंवा कागदी कप वापरूच नयेत.

रंग आणि सुगंधासाठी घरातले काय चालते?

फारसे काही नाही. हळद, कुंकू, रांगोळीचा रंग मेणात विरघळत नाही. त्याचे कण वातीत अडकतात आणि ज्योत मंदावते. खाण्याचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, तो मेणात मिसळतच नाही. मेणाचे खडू वितळवून रंग येतो, पण वात लवकर चोंदते. रंग हवाच असेल तर मेणासाठीचा, तेलात विरघळणारा रंग आणावा, किंवा रंगीत मेणबत्त्यांचेच तुकडे वापरावेत.

सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या ६ ते १० टक्क्यांपर्यंत पुरते. जास्त घातले तर ते मेणात न मिसळता वर तरंगते आणि पेटू शकते. कापूर मेणात मिसळण्याचे प्रयोग टाळावेत, कारण तो स्वतःच झटकन पेटतो. दालचिनी, वाळलेली फुले, लिंबाच्या चकत्या या मेणबत्तीच्या बाहेर, ताटलीत मांडाव्यात. सुगंध अगदी फुकटात हवा असेल तर मोगऱ्याची किंवा सोनचाफ्याची चार फुले पाण्याच्या भांड्यात ठेवावीत.

मेणबत्ती जास्त वेळ कशी टिकेल?

- प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कापावी. लांब वातीची ज्योत उंच होते, काजळी धरते आणि मेण भराभर संपते.
- पहिल्यांदा पेटवल्यावर वरचे सगळे मेण कडेपर्यंत वितळू द्यावे. आधीच विझवल्यास पुढच्या वेळी फक्त मध्यभाग जळतो, खड्डा पडतो आणि कडेचे मेण वाया जाते.
- सलग चार तासांपेक्षा जास्त जाळू नये.
- भांड्यात तळाला सेंटिमीटरभर मेण उरले की थांबावे. त्यापुढे भांड्याचा तळच तापतो. ते मेण पुढच्या मेणबत्तीसाठी काढून घ्यावे.

खोपोली-कर्जतच्या हवेत वेगळे काय करावे लागते?

पहिली अडचण पंख्याची. दमट हवेत पंखा बंद ठेवणे कठीण, आणि पंख्याखाली ज्योत थरथरते. हलणाऱ्या ज्योतीत मेणाची वाफ पूर्ण जळत नाही. त्यातूनच भिंतीवर काजळी येते आणि मेण एका बाजूने ओघळते. घाटाच्या पायथ्याशी खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानेही हेच होते. अशा वेळी उघड्या उभ्या मेणबत्तीऐवजी पेल्यातली किंवा खोल बरणीतली टी-लाइट वापरावी.

दुसरी अडचण उष्णतेची. एक मेणबत्ती साधारण ७० वॉट उष्णता देते. बंद खोलीत दहा लावल्या तर ७०० वॉट, म्हणजे जवळपास एक इस्त्री सतत सुरू ठेवल्यासारखे. लहान वन-रूम किचनमध्ये तीन-चारच्या पुढे जाऊ नये, ते याही कारणासाठी. ज्योत ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड व वाफ सोडते, म्हणून एक खिडकी थोडी उघडी हवी. घरात दम्याचा रुग्ण असेल तर सुगंधी मेणबत्त्या नकोतच.

तिसरी अडचण साठवणुकीची. कर्जत परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पॅराफिन तेवढ्यात वितळत नसले तरी मऊ पडते आणि उभ्या ठेवलेल्या मेणबत्त्या वाकतात. त्या आडव्या, कागदात गुंडाळून, पत्र्याखालच्या माळ्याऐवजी खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. पावसाळ्यात वातीला ओल लागते आणि पेटवताना तडतड होते. हवाबंद डब्याने हा प्रश्न सुटतो.

केकवरच्या ‘स्पार्कल’ मेणबत्तीचे काय?

वाढदिवसाच्या केकवर कारंज्यासारख्या ठिणग्या उडवणाऱ्या कांड्या मेणबत्ती म्हणून विकल्या जातात. त्यात मेणाचा नव्हे, फटाक्यासारख्या ज्वालाग्राही मिश्रणाचा वापर असतो. पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी अशाच कांड्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. त्या दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला आणि उपचार सुरू असताना मृतांची संख्या वाढत गेली. तिथे काम करणाऱ्यांत महिलांचा मोठा भरणा होता. काही सेकंदांच्या ठिणग्यांसाठी स्वस्तात मिळणारी ही वस्तू कुठे आणि कशी तयार होते, हे त्या दुर्घटनेने दाखवले.

घरातही तिचा धोका साध्या मेणबत्तीहून जास्त आहे. वाढदिवसाच्या सजावटीत आणखी दोन वस्तू हमखास असतात. एक म्हणजे फेसाचा ‘स्नो स्प्रे’. त्याच्या डब्यातला वायू ज्वालाग्राही असू शकतो. दुसरी वस्तू तरंगणारे फुगे. ते हेलियमऐवजी हायड्रोजनने भरलेले असतील तर ज्योतीजवळ भडका उडतो. केकवर काहीही पेटवायचे असेल तर स्प्रे आणि फुगे दोन्ही लांब ठेवावेत. साध्या छोट्या मेणबत्त्या कमी खर्चात तेच काम करतात.

घर सजवताना कोणती काळजी घ्यावी?

- पडदा, मच्छरदाणी, तोरण, आकाशकंदील यांपासून ज्योत किमान हातभर लांब असावी. वर टांगलेले काही नको.
- गणपतीच्या मखराजवळ मेणबत्ती ठेवू नये. राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे, पण कागद, कापड आणि कृत्रिम फुलेही तितकीच लवकर पेटतात.
- दारात पणत्या-मेणबत्त्या लावताना ओढणी आणि साडीचा पदर खोचून घ्यावा. सिंथेटिक कापड वितळून अंगाला चिकटते.
- गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नये. डासांचा स्प्रे मारल्यावर लगेच मेणबत्ती लावू नये.
- खोलीतून शेवटचा माणूस बाहेर पडला की मेणबत्ती विझवावी. झोपताना तर नक्कीच.
- भांड्यातल्या मेणाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण चहूकडे उडते. गॅस बंद करून झाकण ठेवावे.
- भाजल्यास तो भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. कातडीला चिकटलेले मेण ओढून काढू नये.
- अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक घरातल्या मुलांनाही पाठ असावेत.

एलईडी मेणबत्ती हा पर्याय आहे का?

लहान मुले, मांजर किंवा वयस्कर माणसे घरात असतील तर नक्कीच. पडद्याजवळ, कपाटात, कागदी कंदिलात त्या बिनधास्त ठेवता येतात. एकदाच खर्च होतो, नंतर फक्त सेल बदलावे लागतात. मात्र त्यातला बटणासारखा चपटा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारेच दिवे घ्यावेत. सेल गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

विकत घ्यायच्या तर कुठून?

महाराष्ट्रात मेणबत्तीचे नाव महाबळेश्वरशीही जोडले गेले आहे. दृष्टी गेल्यानंतर भावेश भाटिया यांनी मुंबईतील नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत मेणबत्त्या बनवण्याचे प्रशिक्षण घेतले आणि महाबळेश्वरमध्ये हातगाडीपासून सुरुवात करून ‘सनराइज कँडल्स’ हा उद्योग उभा केला. तिथे दृष्टिहीन कारागीर साचे भरणे, वाती लावणे, घडवणे ही कामे करतात. दिवाळीच्या तोंडावर महिला बचत गटांच्या आणि दिव्यांगांच्या संस्थांच्या स्टॉलवरही घरगुती मेणबत्त्या मिळतात. घेताना वात मधोमध आणि सरळ आहे का, भांड्याचा तळ जाड आहे का आणि मेणात सुकी फुले खुपसलेली नाहीत ना, एवढे पाहिले तरी पुरे.

मग यंदा किती मेणबत्त्या आणाव्यात?

दोन खोल्यांच्या घराला एका संध्याकाळसाठी सहा टी-लाइट, एक परात पाणी, एक आरसा आणि दोन जाड पेले पुरेसे आहेत. त्यातल्या तीन दारात, तीन आत. खणातले जुने तुकडे वितळवून आणखी एक-दोन होतील. पाहुणे गेल्यावर मोजून सहाच्या सहा विझल्याची खात्री करणेही त्यामुळे सोपे जाते.